बोटीवरचा सासूबाईंचा स्टोव्ह

अल्मीडा निकल शिडी चढून बोटीत आली तेव्हा तिच्या एका हातात मोजपट्टी होती आणि दुसऱ्या हातात तिचं आवडतं जाड बुडाचं पातेलं. बोट अजून घरामागच्या शेडमध्ये लाकडी गाड्यावरच उभी होती. कुणीतरी वापरून टाकलेली शिडाची लहान बोट ऑरनने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, घरी आणली होती आणि हिवाळाभर खपून आतून नवी केली होती. दोन माणसं आडवी होतील आणि उभं राहायचं तर मान वाकवावी लागेल, एवढीच केबिन. पायऱ्या उतरल्या उतरल्या डाव्या हाताला स्वयंपाकाचा कोपरा. तो कोपरा अल्मीडाने मनातल्या मनात कितीतरी वेळा मांडला होता. इथे शेगडी, तिच्याखाली पातेली, समोर पायऱ्यांना टेकून एक छोटी बैठक. म्हणजे बोट कलली तरी पाठ टेकवून, दोन्ही हात मोकळे ठेवून रांधता येईल. शेगडी कोणती घ्यायची तेवढं ठरायचं होतं. तेच ठरवायला ती मोजपट्टी घेऊन आली होती.

ठरवायला काही उरलंच नव्हतं. कोपऱ्यात हेटीचा स्टोव्ह बसलेला होता.

हेटी म्हणजे तिची सासू. स्टोव्ह पितळी, पंप मारायचा, रॉकेलचा. ऑरनने तो घासून लखलखीत केला होता. तीन पायांना तीन पट्ट्या, पट्ट्यांना स्क्रू, आणि पातेलं घसरू नये म्हणून वर दोन्ही बाजूंना आडव्या दांड्या. काम नीटनेटकं होतं, यात शंका नाही. निकलांचं काम नेहमीच नीटनेटकं असतं. ते ज्याच्यासाठी चाललंय त्याला विचारायची मात्र त्या घरात पद्धत नाही.

अल्मीडा पातेलं मांडीवर घेऊन स्टोव्हसमोर बसली. तिला हसावं की काहीतरी फेकून मारावं ते कळेना.

"मेलीस तरी पिच्छा सोडत नाहीस ना!" ती स्टोव्हला म्हणाली.

आता कुणी म्हणेल, एका स्टोव्हचं एवढं काय. असं म्हणणाऱ्याने आधी हेटीच्या स्वयंपाकघरात एक दिवस काढून दाखवावा. अल्मीडाने उभं आयुष्य काढलं.

ती मूळची समुद्रकाठची नव्हे. आतल्या बाजूला, सफरचंदांच्या बागांच्या खोऱ्यात तिचं माहेर. एकोणीस वर्षांची असताना लग्न होऊन टॅनर्स कोव्ह या कोळ्यांच्या गावात आली ती थेट हेटीच्या हाताखाली. बटाटे उभेच कापायचे, कारण हेटी उभे कापत असे. मिठाचा डबा खिडकीच्या डाव्या अंगाला, उजव्या नाही. पावाच्या पिठात काकवी घालायची ती हेटीनेच. "तुझा हात सैल आहे गं पोरी," असं ती चारचौघांत सांगायची, आणि चारचौघं माना डोलवायची. मासळीच्या कारखान्यात उभं राहून मिळवलेल्या पहिल्या पगारातून अल्मीडाने एक निळी किटली आणली होती. दुसऱ्या दिवशी ती पडवीत दिसली, आत माती भरून जिरेनियमचं रोप लावलेलं. "चहाला काही उपयोगाची नव्हती," एवढंच हेटी म्हणाली. ऑरनने ते रोप बघितलं आणि छान आलंय म्हणाला. माणूस वाईट नव्हता तो, पण त्याला खरोखरच काही दिसत नसे, आणि ज्याला दिसत नाही त्याच्याशी भांडायचं तरी कसं?

म्हातारी नव्वदी ओलांडून गेली. शेवटची काही वर्षं अंथरुणावर होती, आणि तिचं सगळं अल्मीडानेच केलं. थोरला मुलगा लॉइड रस्त्यापलीकडेच राहायचा. तो रोज यायचा, आईच्या उशाशी बसायचा, जेवायचा आणि जायचा. त्या दिवसांत एकदा अल्मीडा मागच्या पायरीवर बसून नुसती रडत होती, तेव्हा ऑरन शेजारी येऊन बसला. म्हणाला, "आई गेली की आपण दोघंच बोट घेऊन ब्रास डोरच्या सरोवरात जाऊ. उन्हाळाभर राहू. बोटीवरचं स्वयंपाकघर तू म्हणशील तसं."

तू म्हणशील तसं. हे शब्द तिने कुणाकडून उसने घेतलेले नव्हते, ते त्याच्याच तोंडचे होते. त्यांच्या जोरावर तिने ती वर्षं काढली.

त्यानंतर धक्क्यावर बाहेरगावची बोट लागली की अल्मीडा काहीतरी निमित्त काढून तिच्यावर जायची. गरम पाव द्यायला, अंडी हवीत का विचारायला. खरं निमित्त शेगडी बघण्याचं. कुणाकडे गॅसची, कुणाकडे स्पिरिटची, कुणाकडे दोन कड्यांवर झुलती टांगलेली, म्हणजे बोट इकडे कलली की शेगडी तिकडे. बायकांना ती विचारायची, हात भाजतो का, वास येतो का, वारा आला की विझते का. एकीने सांगितलं, गॅसने काम झटपट होतं, पण गळला तर तो बोटीच्या तळाशी जाऊन बसतो आणि मग एक काडी पुरते. दुसरी म्हणाली, स्पिरिटवर पाणी तापेपर्यंत माणसाला झोप लागते, पण वास नाही आणि भडका नाही. अल्मीडा ऐकत होती. तिचं काही ठरलेलं नव्हतं, आणि ठरायची तिला घाईही नव्हती. हे बघणं, हे मनात घोळवणं, यातच तिला इतकं सुख होतं की ते लवकर संपावं असं तिला वाटत नव्हतं.

आणि आता हा स्टोव्ह.

दुपारी जेवायला खारवलेला कॉड मासा, उकडलेले बटाटे आणि वर तळलेल्या चरबीचे तुकडे होते. लॉइड नेहमीप्रमाणे हजर. अल्मीडाने ताटल्या मांडल्या, पण स्वतः बसली नाही.

"ऑरन, बोटीत तो स्टोव्ह कुणी बसवला?"

"मी," ऑरन खुशीत म्हणाला. "बघितलास? कसा चमकतोय! वॉशर नवा घातलाय. एका पंपात पेटतो."

"मला विचारलंस?"

ऑरनचा घास हातातच राहिला. "काय विचारायचं?"

"कोणती शेगडी हवी ते."

"अगं, पण स्टोव्ह आहे ना आपल्याकडे!" तो खरोखर गोंधळला होता. "त्यात निवडायचं काय?"

त्याचंही एक खरं होतं. टॅनर्स कोव्हमध्ये बोट विकतात, तिचा स्टोव्ह विकत नाहीत. बोट परक्याच्या हाती गेली तरी चूल घरात राहिली पाहिजे, असं जुनी माणसं मानत आली. विकायच्या आदल्या दिवशी स्टोव्ह काढून घरी आणायचा, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवायचा आणि नवी बोट आली की तिच्यात बसवायचा. हेटीचा स्टोव्ह असाच सासऱ्याच्या एका बोटीतून दुसरीत फिरत आला होता. पूर्वी हेटी स्वतः नवऱ्याबरोबर बेटांकडे हेरिंग मासे धरायला जायची आणि त्याच्यावर सगळ्या माणसांचं रांधायची. या गोष्टी लॉइडला तोंडपाठ.

"आईने त्याच्यावर वादळात पाव भाजलाय," लॉइड म्हणाला. "तुम्ही आजकालच्या बायका!"

"मी अडुसष्ट वर्षांची आहे, लॉइड. आजकालची कुठली!"

"शेतकरीणबाईंना समुद्र झेपत नाही, असं सरळ सांग ना. स्टोव्हला कशाला बोल लावतेस?"

शेतकरीणबाई. हे नाव त्याने तिला लग्नाच्या पहिल्याच उन्हाळ्यात पाडलं होतं. तेव्हा सगळे बेटांवर गेले होते, केबिनमध्ये हाच स्टोव्ह फुरफुरत होता, आणि रॉकेलच्या वासाने अल्मीडाच्या पोटात असं ढवळलं की जाताना आणि येताना तिचं डोकं बोटीच्या काठावरून वर आलं नाही. हेटीने कमरेवर हात ठेवून निदान केलं की खोऱ्यातल्या पोरीला खारं पाणी मानवत नाही. झालं. त्या दिवसापासून अल्मीडाला बोट लागते हे गावाने ठरवून टाकलं. पुढे एकदा चुलतबहिणीच्या बोटीवर, चांगल्या लाटांत, तिने थंड कोंबडी आणि दोन वाट्या बटाट्याचं सॅलड खाल्लं आणि पोटाने हूं की चूं केलं नाही. तिला समुद्र लागत नव्हता, तिला रॉकेल लागत होतं. हे तिने ऑरनला किती वेळा सांगितलं असेल! तो दर वेळी "हो, हो" म्हणायचा. त्याचं "हो, हो" म्हणजे रेडिओवर दुसऱ्या गावचं हवामान चालू असावं तसं.

"मला त्याच्या वासाने उलटी होते," ती शांतपणे म्हणाली. शांतपणे बोलण्यासाठी तिला टेबलाची कड धरावी लागली. "तुला ठाऊक आहे."

"खिडकी उघडी ठेवू," ऑरन म्हणाला.

"खिडकी!" अल्मीडाचा आवाज चढला. "आयुष्यभर मी तुझ्या आईच्या चुलीवर, तुझ्या आईच्या भांड्यांत, तुझ्या आईच्या चवीचं रांधलं. ती गेल्यावर ही घरातली चूल बदलू म्हटलं, तर तू म्हणालास चांगली चालतेय की. ठीक आहे, घर तिचं होतं. पण बोट? ती बोट तर तिने बघितलीसुद्धा नाही! तिथेसुद्धा ती माझ्याआधी जाऊन बसली?"

"मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये," लॉइड म्हणाला आणि त्याने बटाटा पुढे ओढला.

"मग मेलेल्या माणसालाच घेऊन जा फिरायला! ऑरन, तू आणि तुझी आई जा ब्रास डोरला. मी येत नाही. ज्या बोटीवर तो स्टोव्ह आहे त्या बोटीवर मी पाऊल ठेवणार नाही."

ती मागच्या दाराने बाहेर गेली. तिची ताटली तशीच कोरी राहिली.

पुढचे काही आठवडे घरात बोलणं होतं, पण ते मिठाच्या डब्यापुरतं. गावात बातमी फिरायला वेळ लागला नाही. बायकांची दोन मतं पडली. काहींना वाटलं अल्मीडाने बरोबर केलं, आणि त्या ते तिच्या कानात सांगायच्या. काहींना वाटलं या वयात असा हट्ट शोभत नाही, आणि त्या ते सगळ्यांना सांगायच्या. ऑरन मात्र पार उतरला. रोज शेडमध्ये जायचा, बोटीला हात लावायचा, परत यायचा. त्याला बोट चालवता येत होती, नकाशे वाचता येत होते, इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगता येत होतं. पण तिच्याशिवाय जायचं म्हणजे जायचं कशाला, हेही त्याला कळत होतं. एवढं श्रेय त्याला दिलंच पाहिजे.

एका सकाळी तिला शेडमधून करवतीचा आवाज आला. नंतर ऑरन गोणपाटात काहीतरी गुंडाळून माळ्यावर चढताना दिसला. हेटीचा स्टोव्ह निघाला, हे तिला तेवढ्यावरून कळलं. तिने काही विचारलं नाही. तो आज विचारेल, उद्या विचारेल, म्हणून वाट बघत राहिली. रात्री जेवताना तो नुसता गालात हसत होता, आणि भाबडी अल्मीडासुद्धा हसली.

बोट उतरवायचा दिवस जूनमधल्या उधाणाच्या भरतीचा धरला होता. आमच्या गावचा बोटी पाण्यात सोडायचा उतार तोकडा आहे. उधाणाचं पाणी असलं तरच असली बोट गाड्यावरून तरंगते. ती वेळ चुकली तर पुढच्या उधाणापर्यंत हात चोळत बसायचं. त्यामुळे अर्धा गाव जमला होता. बायकांनी र्‍हूबार्बच्या आंबट देठांचं सारण भरलेल्या पाई भाजून आणल्या होत्या. उताराच्या माथ्यावर, दोराने गाडा सोडायच्या चक्राशी एल्विन कॉर्कम उभा होता. टॅनर्स कोव्हची प्रत्येक बोट त्यानेच पाण्यात सोडलेली. त्याचा शिरस्ता सगळ्यांना माहीत होता: बोटीच्या स्वतःच्या शेगडीवर चहा व्हायचा, जी बाई किंवा जो बाप्या तिच्यावर रांधणार त्याने आपल्या हाताने ती पेटवायची, आणि हात लावणाऱ्या प्रत्येकाला घोटभर मिळाल्यावरच गाडा सुटायचा. थंड चुलीची बोट एल्विन सोडत नसे. त्यावर वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

"ये, ये," ऑरनने अल्मीडाला हात देऊन वर घेतलं. त्याचा चेहरा फुलला होता. "डोळे मीट."

तिने मिटले. पायऱ्या उतरताना त्याने तिचं कोपर धरलं होतं. वरून लोक डोकावत होते.

"उघड!"

कोपऱ्यात एक चकचकीत पोलादी शेगडी होती. गॅसची. दोन बर्नर, खाली भट्टी, भट्टीला काचेचं दार, आणि सगळी दोन कड्यांवर झुलती टांगलेली. वर लाल फीत बांधलेली.

"दुकानातली सगळ्यात भारी," ऑरन म्हणाला. "रॉकेलचा वासबीस काही नाही. भट्टीत पाव भाज, पाई भाज. सिलिंडरला मागे वेगळा कप्पा केलाय, गॅस गळला तर बाहेरच्या बाहेर जाईल. तुझ्यासाठी गं!"

वर टाळ्या पडल्या. "नशीबवान आहेस, अल्मीडा!" कुणीतरी ओरडलं. "माझ्या नवऱ्याने तर साधा तवा आणला नाही!"

अल्मीडा शेगडीकडे बघत होती. मग तिचं लक्ष समोर गेलं. पायऱ्यांना टेकून असलेली बैठक निम्मी कापलेली होती. उरलेल्या फळीवर एखादं मांजर बसलं असतं.

"हे काय?"

"ते होय, शेगडी झुलायला जागा कमी पडत होती. म्हणून थोडी कापली." ऑरन घाईघाईने म्हणाला. "उभ्याने रांधता येईल ना. मान जरा वाकवायची."

एका आईची शेगडी गेली आणि एका मुलाची आली. तिची अजून आलीच नव्हती. अल्मीडाला आतून असा संताप आला की तिला क्षणभर समोरचं नीट दिसेना. स्टोव्ह पाहून आलेला राग यापुढे काहीच नव्हता. तो निदान हेटीवर काढता आला होता. हा राग ज्याच्यावर होता तो समोर लाल फितीशेजारी उभा राहून, शाबासकीची वाट बघत होता. आणि वरून सगळं गाव तिच्याकडे बघत होतं, की ही आता कशी आनंदाने रडते.

ऑरनने काड्यापेटी पुढे केली. "चल, पेटव. पाणी चढतंय."

"तू पेटव," अल्मीडा म्हणाली.

"मी?"

"निवडली तू. बसवली तू. माझी बैठक कापून बसवली. मग पेटवायला मी कशाला? तूच पेटव आणि उन्हाळाभर तूच रांध."

लॉइड खाली डोकावला. "आता काय झालं हिला? द्या ती पेटी, मी पेटवतो. चहा तर चहा!"

"तू रांधणार आहेस का या बोटीवर?" एल्विन कॉर्कमने चक्रापासून विचारलं. त्याने आवाज चढवला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "नाही ना? मग पेटीला हात लावू नकोस."

"अल्मीडा," ऑरन हळूच म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "तो स्टोव्ह काढला ना मी. आईचा स्टोव्ह. तुला वास नको होता, वास नाही. चांगली वस्तू आणली. आणखी काय करायचं माणसाने?"

"विचारायचं!"

हा शब्द तिच्या तोंडून इतक्या जोरात गेला की वरच्या बायका मागे सरकल्या.

"आठवडे न् आठवडे मी वाट बघत होते. आज विचारेल, उद्या विचारेल. तुला करवत सापडली, दुकान सापडलं, लाल फीतसुद्धा सापडली. एक शब्द सापडला नाही?"

ऑरनची नजर कापलेल्या फळीवर गेली. बाहेर पाणी गाड्याच्या खालच्या चाकांना लागलं होतं. मग त्याने मान वर केली. त्याला खरोखरच कळलं असावं, किंवा निदान अर्धं कळलं असावं.

"बरं," तो म्हणाला. "चुकलं माझं. आता विचारतो. तुला कोणती हवी?"

अल्मीडाने तोंड उघडलं. धक्क्यावरच्या बायकांना विचारून विचारून जमवलेलं सगळं तिच्या जिभेवर आलं होतं. आणि तेवढ्यात तिला दिसलं, की ऑरनचा हात खिशातल्या गाडीच्या किल्लीवर गेलाय.

"नाही सांगणार," ती म्हणाली.

"अगं, आता विचारतोय तर—"

"सांगितलं तर तूच जाऊन आणशील. मला आणून नको आहे, ऑरन. मला जायचंय. मला दुकानात उभं राहून बघायचंय, हात लावून, उघडून, मिटून. मग ठरवायचंय. किल्ली दे."

"आत्ता? भरती—"

"किल्ली."

त्याने किल्ली दिली. ती पायऱ्या चढून वर आली, शिडीने खाली उतरली. लोकांनी वाट करून दिली. पाई घेऊन उभ्या असलेल्या बायकांपैकी एकीने हळूच तिचा हात दाबला. लॉइड ओरडत होता, "पाणी चाललंय हो! एका शेगडीपायी उधाण घालवणार का ही बाई?" एल्विनने चक्राला खुंटी मारली, चक्रावर टेकून पाइप पेटवला आणि म्हणाला, "घालवू दे. समुद्र कुठे पळून जातोय?"

तिने गाडी सुरू केली तेव्हा शेजारचं दार उघडलं. ऑरन आत येऊन बसला. तिने त्याला हाकललं नाही. लुनेनबर्ग शहरापर्यंतचा सगळा रस्ता ती समोर बघून गाडी चालवत राहिली.

बोटींच्या सामानाच्या दुकानासमोर ऑरन उतरायला लागला.

"तू गाडीतच बस," अल्मीडा म्हणाली.

"मी नुसता—"

"या दुकानासमोर, तू बसलायस त्या जागी बसून मी किती दुपारी काढल्यात, काही कल्पना आहे? तू दोर बघत असायचास, रंग बघत असायचास, आणि मी काच खाली करून बसायचे. आज तू बस."

तो बसला.

दुकानात निकलांना चांगली ओळखणारी ग्रेटा मोशर नावाची बाई होती. आत येणाऱ्या बाईच्या मागे नवरा आहे का ते बघायची सवय तिलाही होती, पण आज कुणी आलं नाही. "कुणाला हवीय?" तिने विचारलं. "मला," अल्मीडा म्हणाली. मग तिने एकेक शेगडी बघितली. ग्रेटाने दिलेलं लाकडी खोकं समोर ओढून ती त्याच्यावर बसली, बोटीत बसेल तशी, पाठ टेकून. हात किती लांब जातो, झाकण पडतं का, बोट कुठे अडकतं. बोटीवर न्यायला म्हणून सकाळीच गाडीत ठेवलेलं आपलं जाड बुडाचं पातेलं तिने बरोबर आणलं होतं. ते प्रत्येकीवर ठेवून, हाताने कलवून बघितलं. ग्रेटाने सगळं नीट सांगितलं. आणि शेवटी, बाई प्रामाणिक होती म्हणून, हेही सांगितलं की तुमच्या नवऱ्याने नेलेली ती खरंच आमच्याकडची सगळ्यात चांगली होती.

"असेल," अल्मीडा म्हणाली.

आणि असेलही. पुढे तिने निवडलेल्या शेगडीवर पाणी उकळायला इतका वेळ लागेल की पाहुणे घड्याळ बघतील, हे तिला तिथेच कळत होतं. तरी तिने स्पिरिटची घेतली. ठेंगणी, दोन बर्नरची, न झुलणारी, पातेलं पकडायला चार पकडी असलेली. तिच्यासाठी बैठक कापावी लागणार नव्हती, उलट कापलेली परत लावता येणार होती. पण खरं सांगायचं तर कारण एवढंच नव्हतं. तिच्यासमोर बसल्यावर अल्मीडाला आपलं स्वयंपाकघर दिसलं, आणि त्यात दुसरं कुणी नव्हतं. तिने पुन्हा एकदा उठून बाकीच्या सगळ्या बघितल्या, केवळ बघता येत होत्या म्हणून. ग्रेटाने दुकान बंद करायची वेळ झाली तरी तिला घाई केली नाही.

बाहेर आली तेव्हा ऊन उतरलं होतं. ऑरन काच खाली करून बसला होता. तिने खोकं त्याच्या मांडीवर ठेवलं.

"कोणती घेतलीस?" तो खोक्याची पट्टी सोडायला लागला.

"उघडायचं नाही."

त्याने हात काढून घेतला. गाडी बंदराला वळसा घालून निघाली तेव्हा त्याला पाणी दिसलं. ओहोटी लागून चिखल उघडा पडला होता.

"पुढच्या उधाणापर्यंत थांबावं लागणार आता," तो म्हणाला. तक्रार नव्हती, पण उसासा होता.

"मी तुझी आई जाईपर्यंत थांबले," अल्मीडा म्हणाली. "तू उधाण येईपर्यंत थांब."

पुढे रस्ता खराब होता. खड्डे लागायला लागले तेव्हा ऑरनने ते बंद खोकं दोन्ही हातांनी धरून मांडीवरून जरा उचलून घेतलं, आणि घर येईपर्यंत तसंच धरून बसला.